शर्यतीचे हातमोजे

आमच्या धाकट्या भावास हौशी मोटार-शर्यतीचा नाद फार. पैसा मात्र बेताचा. एके दिवशीं कुर्ल्याहून आगगाडीनें शीवला उतरून आम्ही दोघे धारावींतील चामड्याच्या दुकानांत हातमोजे पाहावयास गेलों. मोजे मऊ, सुबक आणि स्वस्त! बंधुराज तेथेंच भुलले.

परंतु शर्यतींत मोजा केवळ पकडीसाठीं नसतो. १९७६ सालीं जर्मनींत नुर्बुर्गरिंग येथें निकी लाउडा जळत्या गाडींत सांपडून भाजला, ही हकीकत मोटारवेड्यांस ठाऊक आहेच. चामडें आंचेनें आकसतें. म्हणून मोटारीच्या शर्यतीस सहसा पेट न घेणाऱ्या नोमेक्ससारख्या धाग्याचे मोजे घ्यावे, व त्यांवर 'एफआयए ८८५६' हें मानांकन आहे कीं नाहीं तें पाहावें. कार्टिंगचे मोजे पुष्कळ स्वस्त. पण ते हात सोलण्यापासून राखतात, आगीपासून नव्हे. काटकसर करावयाची ती रंगांत आणि नक्षींत. माप मात्र चोख हवें: अंगठा वगळून तळव्याचा घेर मोजावा, मोजा चढवून मूठ आवळावी. शिवण बाहेरून असल्यास बोटांस टोंचत नाहीं.

बंधुराज रिकाम्या हातांनीं परतले. पैसे दिवाळीपर्यंत जमतील. त्यापूर्वींची शर्यत त्यांस कुंपणाबाहेरून पाहावी लागेल.