खिशांतला चाकू

खिशांतल्या चाकूनें स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडूं नये, असा आमच्या घरचा अलिखित दंडक होता. सह्याद्रींतल्या भटकंतींत दोऱ्या कापाव्या, काठी तासावी, एखादें संत्रें सोलावें आणि परतल्यावर मुकाट्यानें पेटींत पडावें, एवढेंच त्याचें आयुष्य. परंतु गेल्या वर्षीं पत्नीचे गुडघे दुखूं लागले, विळीवर बसण्यास डॉक्टरांनीं मनाई केली, आणि भाजी चिरण्याचें काम मजकडे आलें. विळी मला कधींच वश झाली नव्हती. मीं चाकू उघडला.

वस्तुतः तो वनवासी कुळांतला नव्हेच. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेलनें १८९० सालीं हा लांकडी मुठीचा चाकू घडविला. तो जितका फांदी छाटतो तितकाच पाव आणि चीजहि कापतो. १८९१ सालीं स्विस शिपायाला जो चाकू मिळाला, त्यांतहि बंदुकीचे स्क्रू काढण्याच्या हत्याराशेजारीं अन्नाचा डबा उघडण्याचें हत्यार होतें. लष्कराला पोटाचा विसर पडत नाहीं!

माझ्या चाकूचें पातें साडेआठ सेंटिमीटरांचें. लसूण, आलें, मिरची यांवर त्याची हुकमत चालते. कोबीपुढें मात्र तो अगदींच केविलवाणा दिसतो. त्याचें पोलाद कांद्यालिंबाच्या रसानें काळवंडतें, म्हणून तत्काळ धुऊन पुसावें लागतें. मुठीच्या खांचेंत पाणी राहिलें तर लांकूड फुगतें आणि चाकू उघडेनासा होतो. तरीहि रानांतल्या जाड पात्याच्या चाकूंपेक्षां तो बरा. ते बटाटा चिरीत नाहींत. पाचरीसारखे शिरून फोडतात.

पत्नी खुर्चीवर बसून हें सारें पाहत असते. "अहो, फोडी सारख्या करा," एवढेंच प्रथम म्हणे. मग एके दिवशीं तिनें सांगितलें कीं विळीवर पाय पाट धरून ठेवतो, दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात. चाकूवाल्याचा एक हात पात्यालाच द्यावा लागतो. तीस वर्षें मी तिच्यासमोर जेवलों, पण ही गोष्ट माझ्या ध्यानांत आली नव्हती. नारळ खवण्याचें काम तर चाकूला साधण्यासारखेंच नाहीं.

विळी अजून भिंतीशीं उभी आहे. मोलकरीण ती माळ्यावर टाकूं का म्हणून दोनदां विचारून गेली. पत्नीनें उत्तर दिलें नाहीं. पात्याला तेवढें खोबरेल लावून घेतलें.