रात्रीच्या समुद्रात दिवा लावताना

मैत्रिणींनो, पावसाळ्यात ओसरीवरचा दिवा लावला की पाखरांची कशी झुंबड उडते आणि मग भिंतीवरची पाल कशी हळूच पुढे सरकते, हे तुम्हांला मी काय सांगायचं? पण हाच प्रकार समुद्राच्या पोटात, पालीच्या जागी 10-12 फुटी पंखांचा मासा घेऊन चालतो, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. माझ्या वर्गातल्या मुली हसल्याच. म्हणून सगळं नीट सांगते.

हवाई बेटांतल्या सर्वांत मोठ्या बेटाचा पश्चिम किनारा म्हणजे कोना. माझे दादा-वहिनी कॅलिफोर्नियात असतात. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा चौघं मिळून तिथे जाऊन आलो. कोकणातल्या पुळणीची सवय असलेल्या डोळ्यांना हा किनारा आधी रुसल्यासारखा वाटतो. ज्वालामुखीचा काळा कातळ थेट पाण्यात उतरलेला, वाळू जेमतेम. इथल्या केआउहोउ नावाच्या छोट्या उपसागराच्या काठी 1970 च्या दशकात एका हॉटेलाने पाहुण्यांना रात्रीही समुद्र दिसावा म्हणून पाण्यावर मोठे झोत सोडले. उजेडाकडे समुद्रातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, म्हणजे प्लवक, गोळा झाले आणि ते खायला मांटा मासे येऊ लागले. आज देशोदेशींची माणसं जे पाहायला येतात, त्याचं मूळ एवढंच.

मांटा म्हणजे आपल्याकडच्या पाकटाचं मोठं भावंडं. हवाईची माणसं त्याला हाहालुआ म्हणतात. पाकट म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. 2006 साली ऑस्ट्रेलियात स्टीव्ह आयर्विन पाकटाच्या काट्यानेच गेला, हे मी विसरले नव्हते, आणि आमची वहिनी तर कॅमेरा घेऊन थेट त्यांच्याखाली बसायला निघालेली! पण मांटाच्या शेपटीला तसा विषारी काटा नसतो. दात आहेत ते अगदी बारीक, खाण्याच्या कामाचे नाहीत. तोंड उघडं ठेवून पोहायचं, पाणी कल्ल्यांतून गाळायचं, अडकेल ते पोटात, असा त्याचा स्वयंपाक. हे वाचून ठेवलं होतं तरी वहिनी पाण्यात उडी मारीपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आता दिव्यांची मांडणी. पाणबुडे 30-35 फूट खाली तळाशी गोल करून बसतात आणि मधोमध वर तोंड केलेले दिवे ठेवतात. शेकोटीच म्हणा ना! माझ्यासारखे वरवरचे लोक पाण्यावर तरंगणारी एक फळी धरून, तोंडात नळी घेऊन, पालथे पडून राहतात. त्या फळीला खाली झोत टाकणारे दिवे असतात. खालून उजेड, वरून उजेड, आणि मधला सगळा पाण्याचा खांब मांटांचा. तळाच्या माणसाने वर यायचं नाही, वरच्याने खाली बुडी मारायची नाही. साधा नियम, पण सगळा खेळ ह्यावर चालतो.

वहिनीचा व्हिडिओ लाइट मी आदल्या रात्री खोलीवर नीट न्याहाळला. साध्या विजेरीचा झोत सुईसारखा अरुंद असतो, ह्याचा मात्र पसरट, शंभर अंशांहून रुंद, म्हणजे चित्रात मधेच पांढरा ठिपका आणि कडेला काळोख असं होत नाही. दिव्याच्या झाकणाला रबरी रिंग असते, आपल्या कुकरसारखी. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तर पाणी आत शिरलंच. वहिनी ती रिंग काढून, पुसून, बोटाने सिलिकॉनचा हलका हात देऊन परत बसवीत होती, आणि मला कुकरच्या रिंगकडे आपण किती दुर्लक्ष करतो ते आठवत होतं. सुटे लिथियमचे सेल विमानात सामानाच्या बॅगेत टाकायचे नसतात, हातातल्या पिशवीतच ठेवायचे असतात. हे तुमच्या प्रवासालाही लागू आहे, मोबाइलच्या पॉवर बँकेलासुद्धा!

दिवा हवा कशाला, असं मी विचारलंच, कारण दिवसाही ती तो नेते. पाणी उजेडातला तांबडा रंग आधी खाऊन टाकतं. तुमच्या कपाळावरचं कुंकू तीस-पस्तीस फुटांवर काळपट दिसेल. दिवा जवळ नेला की ते पुन्हा लाल. कुस्तो आणि लुई माल ह्यांच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ ह्या 1956 सालच्या चित्रपटात त्यांनी खोल पाण्यात असेच दिवे नेऊन समुद्राचे रंग जगाला दाखवले, त्याला कान महोत्सवात सर्वोच्च बक्षीसही मिळालं. रात्री मात्र प्रश्न रंगाचा नाही. दिवा नाही तर काहीच नाही.

पण दिवा लावला म्हणजे काम झालं असंही नाही. दिवा कॅमेऱ्याच्या भिंगाला चिकटून धरला तर समोरच्या पाण्यातला कण नि कण चमकतो आणि सारं चित्र बर्फ पडल्यासारखं होतं. म्हणून वहिनीचे दोन दिवे दोन लांब हातांवर, भिंगापासून दूर, तोंडं किंचित बाहेर वळवलेली. आणि कोनाला तर दिव्यापुढे कण गोळा व्हावेत हाच सगळा घाट! शिवाय मांटाचं पोट पांढरं. दिवा पूर्ण तेजावर ठेवला तर ते धुतलेल्या चादरीसारखं कोरं येतं आणि पोटावरचे काळे ठिपके पुसले जातात. ते ठिपके तर त्याची ओळख, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. त्यांच्या फोटोंवरूनच कोनाच्या किनाऱ्यावरचे तीनशेहून अधिक मांटा नावानिशी ओळखले जातात. वहिनीने दिवा अर्ध्यावर आणला आणि हात स्थिर ठेवला.

पहिला मांटा आला तेव्हा मी फळी इतकी घट्ट धरली की बोटं दुखली. खालून एक मोठी सावली वर आली, तोंडाजवळच्या दोन पट्ट्या उलगडल्या, आणि माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तिने पाठीवर कोलांटी घेतली. पुन्हा घेतली. पुन्हा. स्पर्श नाही, घाई नाही. हात लावायचा नाहीच, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचं रोगांपासून रक्षण करतो. बोटीवर आमचे हे उलट्या करीत पडले होते, ह्याचा मला तासभर पूर्ण विसर पडला.

एवढ्यात तळाशी एका पाणबुड्याने भलामोठा दिवा घेऊन जागा सोडली आणि मांटाच्या मागे वर यायला लागला. त्याला जवळचं चित्र हवं होतं. वाट अडली तसा मांटा वळला आणि काळोखात गेला. वाटाड्याने विजेरी आडवी भराभर हलवली, म्हणजे ‘इकडे लक्ष द्या’, तेव्हा कुठे तो खाली बसला. मग आम्ही वीसेक माणसं नुसता प्लवकांचा नाच पाहत होतो. मांटा परत आला, पण बऱ्याच वेळाने. मला राग त्या माणसाचा आला, पण विचार दिव्याचा पडला. बोलावतोही तोच आणि पळवतोही तोच. त्या रात्री आसपास आणखी बोटीही होत्या, प्रत्येकीचे दिवे वेगळे. मादीला एका खेपेला एकच पिल्लू होतं, तेही वर्षभराच्या गर्भारपणानंतर आणि मधे काही वर्षांचं अंतर ठेवून. हवाईत 2009 पासून मांटाला मारणं किंवा पकडणं गुन्हा आहे. पण उजेडाच्या गर्दीचं काय, ह्याचा विचार तिथे जाणाऱ्याने स्वतःच करायला हवा. मी तर पुढच्या खेपेला मोजकी माणसं नेणारी, नियम कडक पाळणारी बोटच शोधीन, चार पैसे जास्त पडले तरी.

वहिनीच्या चाळीस मिनिटांच्या चित्रणातली कामाची निघाली तीनेक मिनिटं. त्यात एक ठिपकेदार पोट पुरं, स्वच्छ आलं आहे. ते चित्र तिने तिथल्या नोंद ठेवणाऱ्यांकडे पाठवलं.

तुमच्यापैकी कुणी जाणार असाल तर पोहता येत नसलं तरी पाण्याची भीती आधी घालवा, रबरी पोशाख अंगाला घट्ट बसेल असा मागून घ्या, कारण स्थिर पडून राहिल्यावर थंडी वाजतेच. आणि आलेपाकाची पुडी बरोबर असू द्या. तिथल्या गोळ्यांपेक्षा आमच्या ह्यांना उतरताना तिनेच आधार दिला.