चिमट्याची हद्द

तीस वर्षे इतरांच्या शेतांच्या हद्दी कायम करून देणाऱ्या, शंकूसाखळी आणि मोजणीचा नकाशा यांवाचून ज्याने एक पाऊल टाकले नाही अशा सेवानिवृत्त भूकरमापकाने स्वतःच्या सायकलीसाठी रुंद टायर आणताना मात्र ते जेथे फिरावयाचे ती जागाच मोजू नये, ही गोष्ट कबूल करताना मला अजूनही संकोच वाटतो. "आप्पा, टायर तर आणलं, पण जागा मोजली का?" असे शहाद्याच्या मिस्त्रीने विचारले, तेव्हा पुरता निरुत्तर झालो.

माझी सायकल पोलादी, २६ इंची चाकांची, शॉकअप नसलेली. म्हसावद-राणीपूरमार्गे तोरणमाळचा घाट चढेपर्यंत तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नसे. परंतु वर जाऊन सीताखाईच्या अंगाने पाड्यांकडे जाणाऱ्या सुट्या दगडगोट्यांच्या पायवाटेला लागलो, की प्रत्येक खडा चिमट्यातून मुठीत आणि मुठीतून खांद्यात येऊन आपली हजेरी लावून जाई. शॉकअपचा चिमटा बसवा, असा सल्ला पुष्कळांनी दिला. पण ते जड आणि धुळीला भिणारे प्रकरण. त्याची रबरे खराब झाली तर ती मागवावयाची कोठून? त्यापेक्षा टायर आणि त्यातील हवा यांच्याकडेच ते काम सोपवावे, अशी तजवीज मी केली.

यात नवे असे काही नव्हते. अमेरिकेतील श्विन कंपनीने १९३३ साली सव्वादोन इंचांहून किंचित कमी, म्हणजे २.१२५ इंच रुंदीचे फुगीर टायर सायकलींना आणले, आणि चार दशकांनंतर कॅलिफोर्नियातील टॅमलपायस डोंगरावरून तसल्याच जुन्या सायकली बेफाम उतरविणाऱ्या तरुणांच्या हौसेतून आजची डोंगरी सायकल जन्मास आली. टायरच्या कापडावरील ताण हवेचा दाब आणि टायरची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतो. म्हणून ५० मिलिमीटरच्या टायरात ४० पौंड हवेने येणारा ताण ६० मिलिमीटरच्या टायरात ३३ पौंडांतच येतो, आणि कमी दाबाचे ते रबर दगडाशी हुज्जत न घालता त्याला पोटात घेते.

पण रुंद टायर अरुंद रिमवर चढविला तर तो कंदासारखा वर फुगून खाली आवळला जातो आणि कमी हवेत वळणावर कुशीस कलंडतो. माझी जुनी रिम आतून जेमतेम १९ मिलिमीटर. ती काढून २५ मिलिमीटरची, तितक्याच ३२ भोकांची, आणली. रिम बदलली की तारांची लांबीही बदलते, हे मला ठाऊक होते. त्या मात्र मोजूनच आणल्या. प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून जावी असे विणकाम करीत, आट्यांना जवसाच्या तेलाचे बोट लावीत, दोन संध्याकाळी ओट्यावर घालविल्या. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापलेली धाव चढवितो आणि पाणी ओतताच ती आकसून सगळ्या आऱ्यांना तुंब्याकडे दाबते. सायकलीत त्याच्या नेमके उलट, प्रत्येक तार रिमला आत ओढून धरते. चावी पाव फेरा फिरवून नखाने तार छेडावी, शेजारणीच्या सुराशी तिची रुजवात घालावी, आणि पुन्हा पाव फेरा. आऊट काढण्याचे हे काम घाईच्या माणसाने हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रेकचा प्रश्न वायसरांनी सोडविला. रिम बाहेरून सहा मिलिमीटर रुंद झाल्याने गुटके तिला घासू लागले होते. गुटक्यामागचा जाड वायसर बाहेरच्या बाजूस आणि बाहेरचा पातळ आत, अशी अदलाबदल करताच जागा मोकळी झाली. हवा सोडल्याखेरीज चाक आता ब्रेकमधून निघत नाही, एवढी गैरसोय पत्करली.

खरा खटला मागच्या चाकाने उभा केला. ६० मिलिमीटरचा टायर आणि मागच्या नळ्यांमधील वहिवाट ६४ मिलिमीटरांची. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर उरतात, तेवढे पुरे, असे मी उन्हाळ्यात स्वतःस समजाविले, आणि कोरड्या वाटेवर ते पुरलेही. आषाढात मात्र शेताच्या बांधावरून काळ्या मातीत शिरलो आणि शंभर पावलांत चाक जागीच थांबले. ही माती टायरला नुसती लागत नाही, थरावर थर चढत जाते. त्यातील बारीक खड्यांनी नळीचा रंग खरवडून पोलाद उघडे पाडले. कडुलिंबाच्या काडीने चिखल काढीत, सायकल खांद्यावर घेऊन, डांबरी सडकेपर्यंत चालत आलो.

त्यानंतर रीतसर मोजणी केली. पुढच्या चिमट्यात ७२ मिलिमीटर जागा भरली, तेथे ६० मिलिमीटरचा टायर तसाच राहू दिला. मागे ५४ मिलिमीटरचा घातला, म्हणजे दोन्ही अंगांना पाच-पाच मिलिमीटर सुटले. वेष्टणावरील आकड्यावर विसंबू नये. टायर रिमवर चढवून, हवा भरून, एक रात्र ठेवून मगच मोजावा, कारण तो थोडा पसरतो. एवढे करूनही पावसाळ्यात काळ्या मातीत मी सायकल घालीत नाही, सडकेनेच जातो. खरवडलेल्या नळीला रंग लावावयाचा अद्याप राहिला आहे.