रोपाचा भाव आणि हाताची मजुरी

घरी केलेली वस्तू विकायची वेळ आली की आपल्या बायामाणसांची जीभ अडखळते. पापड असोत, गोधडी असो की झेंडूची रोपे, "द्या तुमच्या मनाला येईल ते" असे म्हणून त्या मोकळ्या होतात. ऐकायला हे गोड वाटते, पण संसार त्या गोडव्यावर चालत नाही. बी.कॉम. झालेला आणि वीस वर्षे कारकुनीत आकडे लिहिणारा माणूस म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमचे रेवदंडा म्हणजे एकीकडे समुद्र, दुसरीकडे कुंडलिकेची खाडी आणि मधे नारळी-पोफळीच्या वाड्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि या किनाऱ्यावरच्या कितीतरी वाड्या आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे जातात. वाडीतल्या मजुरीवर ज्यांची चूल पेटत होती, त्यांना दुसरे काही शोधणे भाग पडले. आमच्या वहिनी त्यांपैकीच एक. त्यांनी परसात फुलझाडांची रोपे करायला घेतली. माझे थोरले बंधू हयात नाहीत. पुतण्या आयटीआयला जातो. त्याचा एसटीचा पास आणि वह्या-अवजारे यांचा खर्च या रोपांवरच भागवायचा असतो.

गिऱ्हाईक जवळपासचेच. चौल, नागाव, थेरोंडा इथली घरे, दसऱ्यासाठी चार गुंठे झेंडू लावणारे शेतकरी आणि समुद्राकडच्या बंगल्यांचे माळी. रोप पाच रुपयांना जात होते. पाचच का? तर दुसऱ्या आळीत कोणीतरी पाचला दिले होते म्हणून! मी विषय काढला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माती परसातली, पाणी विहिरीचं. त्याचे कसले पैसे घ्यायचे?"

एका रविवारी आम्ही वही घेऊन बसलो. वहिनींचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी सगळे टिपून ठेवले होते. बी कधी पेरले, किती उगवले, कुठल्या दिवशी किती रोपे मेली. अशी नोंद असेल तर हिशेब अर्धा झालाच म्हणून समजा.

झेंडूची एक खेप घेऊ. ९८ घरांचे पाच ट्रे, म्हणजे ४९० बिया. संकरित बियाण्याचे ७५० रुपये. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि गांडूळखत यांचे ३५०. ट्रे दोन-तीन खेपा टिकतात, म्हणून त्यांच्या किमतीतला या खेपेचा वाटा ५०. पावसाचा मारा अडवणाऱ्या प्लॅस्टिकचा आणि जाळीचा वाटा १५०. औषधाचे ५०, पिशव्या व रिक्षाचे १००. एकूण १,४५० रुपये.

आता ४९० बियांपैकी सगळ्या उगवत नाहीत. उगवलेली काही रोपे कोकणच्या पावसात बुडखाशी कुजून कोलमडतात, काही गोगलगाई खातात, काही उरतात. कॅलेंडरवरची बेरीज करता विकलेली रोपे भरली ३५०. वहिनींनी आपणहून सांगितले, "मेलेल्या रोपाचे पैसे कोण देतो, भाऊजी? खर्च विकलेल्यांवरच टाकायचा." कॉलेजात हेच शिकायला मला मोठी पुस्तके वाचावी लागली होती.

राहिली मजुरी. भुसा धुऊन खारटपणा काढणे, ट्रे भरणे, बी टोचणे यांत तीन तास गेले. पुढे अठ्ठावीस दिवस सकाळ-संध्याकाळ मिळून रोज अर्धा तास, म्हणजे चौदा तास. रोपे काढून बांधणे आणि विकणे, सात तास. एकूण चोवीस तास, म्हणजे आठ तासांचे तीन पुरे दिवस. या दिवसांची किंमत काय धरायची? रोजगार हमीचा कायदा आपल्या महाराष्ट्राने १९७७ साली केला. त्या कामावर बाई आणि पुरुष यांना एकच दर. २०२५-२६ या वर्षासाठी राज्यात ही मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. तीन दिवसांचे झाले ९३६.

१,४५० अधिक ९३६ म्हणजे २,३८६. त्याला ३५० ने भागले की एका रोपाचा खर्च येतो ६ रुपये ८२ पैसे. आणि आपण विकत होतो पाचला! ३५० रोपांचे आले १,७५०. रोख खर्च वजा जाता हाती ३०० रुपये. चोवीस तासांचे तीनशे म्हणजे तासाला साडेबारा रुपये. रोख पैसा हाती येतो म्हणून धंदा चालल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात ती बाई आपली मजुरीच गिऱ्हाइकाला सोडून देत असते.

यावर कोणी म्हणेल, घरच्या कामाची मजुरी कसली मोजता? वाचकहो, हा प्रश्न आपण तरी विचारू नये. गावकीची कामे रात्री-अपरात्री, कुटुंबच्या कुटुंब राबवून करून घ्यायची आणि मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर ठेवायचा, हीच तर महार वतनाची रीत होती. डॉ. बाबासाहेबांनी त्याविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. पुढे १९५८ साली कायदा होऊन ही वतने रद्द झाली. श्रमाचा मोबदला दया म्हणून नव्हे तर हक्क म्हणून मिळावा, यासाठी ज्या समाजाने एवढा लढा दिला, त्या समाजातल्या बाईच्या चोवीस तासांची किंमत तिच्याच घरात शून्य का धरावी?

आम्ही भाव आठ रुपये ठरवला. ३५० रोपांचे २,८०० येतात. खर्च आणि मजुरी जाऊन ४१४ रुपये उरतात. तो नफा उधळायचा नाही. एखादी खेप अतिवृष्टीत गेली तर पुढचे बी त्यातून आणायचे.

भाव वाढला की गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे. मोठ्या रोपवाटिका लाखांनी रोपे करतात, त्या स्वस्त देणारच. त्यांच्याशी भावात झुंजू नये. पन्नास रोपे हवी असलेल्या घराला लांब जाणे परवडत नाही, तेच आपले गिऱ्हाईक. त्याला वेळ साधून माल द्यावा. झेंडूचे रोप साधारण चार आठवड्यांत लावणीला येते आणि लावणीनंतर दोन महिन्यांत फुलते. म्हणजे दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला असेल तर बी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पडायला हवे. रोप ट्रेमध्ये फार दिवस राहिले की ते उंच, किडकिडीत होते आणि कोणी घेत नाही. म्हणून आधी गिऱ्हाइकांची नावे लिहून थोडी आगाऊ रक्कम घ्यावी आणि तेवढेच पेरावे. शिवाय किनाऱ्याकडच्या विहिरींना मचूळ पाणी असेल तर रोप जळते, हेही आधी सांगावे. असे सांगणाऱ्याकडे माणूस पुन्हा येतो.

घासाघीस करणारे भेटतातच. गाडीतून उतरलेले एक गृहस्थ "घरचीच तर आहेत, चारला द्या" म्हणाले. वहिनींनी पाटीकडे बोट दाखवले. पाटीवर आठ लिहिले होते. बंगलेवाल्याला आठ आणि मासळीची पाटी उतरवून दोन रोपे घेणाऱ्या कोळणीलाही आठ. सर्वांना एकच भाव असला की बोलताना मान खाली घालावी लागत नाही. ते गृहस्थ गेले, आणि त्याच संध्याकाळी चौलच्या एका बाईंनी साठ रोपे नेली.

फुकट द्यायचेच नाही असे मात्र नाही. शाळेच्या बागेला, विहाराच्या अंगणाला वहिनी दर वर्षी रोपे देतात. वहीत लिहितात, "विहारास २५ रोपे, किंमत २०० रुपये, दान." किंमत ठाऊक असून दिलेले ते दान. किंमत न कळता हातचे गेलेले ते नुकसान.

ज्या भगिनी घरी काही करून विकतात त्यांना माझी विनंती आहे. एक वही घाला. रोख खर्च लिहा, आपले तास लिहा, वाया गेलेले लिहा आणि मगच भाव सांगा. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी रविवारी तासभर आईजवळ बसून ही बेरीज करून द्यावी. आमच्या घरी आता ती पुतण्या करतो. पहिल्या दिवशी चोवीस तासांचा आकडा लिहिल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवसापासून सकाळचे पाणी तोच घालतो, आणि त्याचेही तास वहीत चढतात.