परतीचे भाडे

खासगी विमान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सिनेनट येतात, उद्योगपती येतात, निवडणुकीच्या दिवसांत पुढारी येतात. निवृत्त शिक्षकाचा त्या वस्तूशी संबंध यायचा तो डोक्यावरून आवाज गेला की मान वर करून बघण्यापुरता. पण २०१९ च्या मार्च महिन्यात आमच्या घरात जवळजवळ तीन आठवडे दुसरा विषय नव्हता. न्यू जर्सीहून अटलांटिक ओलांडून मुंबईपर्यंत एक अख्खे विमान भाड्याने करायचे, आणि त्यात रुग्ण एकच, माझा धाकटा भाऊ.

तो १९७६ साली तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. भावजय चार वर्षांपूर्वी गेली होती. फेब्रुवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. पाठोपाठ फुप्फुसात संसर्ग झाला, त्यामुळे नाकाला प्राणवायूची नळी. शब्द जरा उमटू लागले तेव्हा त्याने मुलाला पहिली गोष्ट सांगितली, "मला सांगलीला ने."

पुतण्या धावपळ्या. त्याने आधी नेहमीच्या विमानांची चौकशी केली. प्रवासी विमानात स्ट्रेचरची सोय काही कंपन्या करतात, त्यासाठी मागच्या बाजूच्या सहा ते नऊ खुर्च्या दुमडून त्यावर ते बसवतात, पडदा लावतात आणि त्या सगळ्या खुर्च्यांचे पैसे घेतात. सोबत डॉक्टर किंवा नर्स हवी, आणि विमान कंपनीच्या डॉक्टरांची मंजुरी हवी. ती मंजुरी मिळेना. मग उरले ते रुग्णवाहिका केलेले छोटे जेट. दोन-तीन ठिकाणांहून भाव आले. पुतण्याने ते सगळे कागद मला पाठवले. "काका, तुम्ही जन्मभर भूगोल शिकवलात, एवढं जरा बघा," असे त्याचे म्हणणे. माझे बी.ए. मराठी माध्यमातले. शब्दकोश शेजारी घेऊन दोन रात्री बसलो.

आणि खरे सांगू का, काळजी होतीच, पण त्या कागदांत मी रमलोही. आमच्या शाळेत पृथ्वीचा एक गोल होता. मुलांना मी त्यावर दोरा ताणून दाखवत असे. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्कहून मुंबई सरळ पूर्वेला वाटते, पण गोलावर दोरा ताणला की तो उत्तरेकडे ग्रीनलंडच्या बाजूला सरकतो. अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. गल्फस्ट्रीम जी६५० सारखे मोठे जेट साधारण तेरा हजार किलोमीटर न थांबता जाऊ शकते, पण त्याचे भाडे ऐकवत नाही. रुग्णांसाठी पुष्कळदा वापरतात ती लिअरजेटसारखी लहान विमाने. त्यातल्या जुन्या नमुन्यांची झेप चार हजार किलोमीटरच्या आतबाहेर. म्हणजे समुद्र ओलांडायचा तर पायऱ्या पायऱ्यांनी. एका कागदावर टप्पे दिले होते, पहिला कॅनडातले गँडर, दुसरा आयर्लंडमधले शॅनन, मग तुर्कस्तान, मग ओमान, मग मुंबई. गँडर ते शॅनन सुमारे ३,२०० किलोमीटर निव्वळ पाणी. एवढाच पट्टा १९१९ च्या जूनमध्ये अल्कॉक आणि ब्राऊन यांनी पहिल्यांदा न थांबता सोळा तासांत ओलांडला होता आणि शेवटी आयर्लंडच्या दलदलीत विमानाचे नाक रुतवले होते. गँडरही साधे गाव नाही. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचे आकाश बंद झाले तेव्हा ३८ मोठी प्रवासी विमाने तिथे उतरली आणि त्या लहानशा गावाने हजारो परक्या माणसांना काही दिवस सांभाळले.

आकाश बंद होणे काय असते ते आम्हीही तेव्हा पाहत होतो. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आपले आकाश मिटले, ते पूर्ण उघडायला १६ जुलै उजाडला. म्हणून शेवटचा टप्पा ओमानवरून अरबी समुद्रावर घेतला होता. प्रत्येक देशाची परवानगी वेगळी, आपल्याकडे उतरायची आणखी वेगळी. वैमानिकांच्या कामाच्या तासांना मर्यादा, म्हणून वाटेत दुसरी जोडी.

एक गोष्ट मात्र वाचून मी दचकलो. विमान चाळीस हजार फुटांवर असले तरी आत हवा भरलेली असते, हे ठाऊक होते. पण ती जमिनीवरच्याइतकी दाट नसते. प्रवासी विमानात ती सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी इतकी विरळ असू शकते. आठ हजार फूट म्हणजे जवळजवळ दीड कळसूबाई! धडधाकट माणसाला जाणवत नाही, पण फुप्फुसे आधीच दमलेली असतील त्याला जाणवते. रुग्णासाठी आतला दाब समुद्रसपाटीसारखा ठेवायचा तर विमान खालून न्यावे लागते. खालची हवा दाट, तिथे इंधन जास्त लागते, थांबे वाढतात, पैसे वाढतात.

आता पैशांचे. सगळ्यांत कमी भाव होता एक लाख ऐंशी हजार डॉलर. तेव्हाच्या दराने सव्वा कोट रुपये. माझ्या उभ्या नोकरीचा पगार एकत्र केला तरी याच्या जवळपास जात नाही. इतके का, तर त्यात परतीचे भाडे धरलेले. सांगलीहून पुण्याला टॅक्सी केली की ड्रायव्हर सांगतो ना, "रिकामी यावी लागंल, दोन्हीकडचं पडंल," अगदी तसेच. मुंबईत रुग्णाला उतरवून ते विमान रिकामे परत न्यू जर्सीला जाणार, आणि त्या रिकाम्या विमानाचे पैसे आपण भरायचे. या रिकाम्या फेऱ्या कंपन्या स्वस्तात विकायला बघतात म्हणे, पण त्या दिवशी त्याच वाटेने जाणारा माणूस मिळायला हवा.

पुतण्या घरावर आणखी कर्ज काढायला तयार होता. त्याची दोन मुले कॉलेजच्या उंबरठ्यावर. मिरजेची आमची बहीण म्हणाली, गावाकडची दोन एकर विकू. आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी कपाटातून बँकेची पावती काढून टेबलावर ठेवली. मी पुतण्याला स्पष्ट म्हटले, "करू नकोस." त्याला राग आला. "तुमचा सख्खा भाऊ आहे काका," असे म्हणून त्याने फोन ठेवला. चार दिवस आमचे बोलणे नव्हते. मला अजूनही वाटते की बापासाठी मुलाने काय करावे याला सीमा नसेल, पण काय मागावे याला बापाची सीमा असते, आणि ती त्याला विचारायला हवी. त्याला कोणी आकडाच सांगितला नव्हता. त्याला त्रास होईल म्हणे!

मी सांगितला. रविवारी रात्री फोन लावला आणि सगळे सांगितले, थांबे, हवा, सव्वा कोट, परतीचे भाडे. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग जड जिभेने, एकेक शब्द उचलून ठेवावा तसे तो म्हणाला, "रिकामं जाणार? मग अण्णा, तू बस की त्यात. चाळीस वर्षं बोलावतोय."

मला काही बोलता आले नाही. खरेच मी कधी गेलो नव्हतो. आधी शाळा, मग आईचे आजारपण, मग गुडघे.

"नको ते विमान," तो पुढे म्हणाला. "मी बसायला शिकतो."

आणि शिकला. संसर्ग हटायला एप्रिल उजाडला, प्राणवायूची नळी निघाली. रोज व्यायाम करवून घेणारी बाई यायची. तिने वीस मिनिटांपासून सुरुवात केली. मेच्या मध्यात डॉक्टरांनी होकार दिला. जिची खुर्ची सपाट पलंगासारखी होते त्या महागड्या वर्गात, एक नर्स आणि मुलगा बरोबर घेऊन तो नेहमीच्या विमानाने मुंबईला आला. तेही स्वस्त नव्हते, पण कुणाचे घर गहाण पडले नाही. मुंबईहून सांगली रुग्णवाहिकेतून. कराड सोडल्यावर त्याने खिडकीचा पडदा काढायला लावला.

अडीच महिने बरे गेले. नदीकडच्या खोलीत त्याचा पलंग होता. मग ऑगस्ट आला. २०१९ चा महापूर सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या गल्लीत संध्याकाळी घोट्याएवढे होते, पहाटे कमरेएवढे. दोन महासागरांचा हिशेब मांडलेल्या माणसाला शेवटचे अर्धे किलोमीटर नावेतून काढावे लागले. गल्लीतल्या चार पोरांनी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून नावेत ठेवले. त्याने डाव्या हाताने कड घट्ट धरली होती आणि बुडालेली दुकाने पाट्या वाचत ओळखत होता. मध्येच मला विचारतो, "याला परतीचं पडतं का रे?" नाव वल्हवणारा पोरगा हसला. त्याला काय कळले कोण जाणे.

बहिणीकडे मिरजेला आम्ही अकरा दिवस होतो. घरी आलो तेव्हा पलंगाच्या उंचीपर्यंत भिंतीवर गाळाची रेघ होती. पुतण्याने तिकडून पैसे पाठवले, भिंती रंगवल्या. नदीकडची खोली मात्र भावाने रंगवू दिली नाही. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे तो होता तोवर, आल्यागेल्याला तो ती रेघ दाखवत असे.