अनोळखी बोंडें

इंग्लंडांत घरीं बिअर गाळण्यास १९६३ पासून परवाना लागत नाहीं. पंचाईत असते ती कृतीची. यंदा नेल्सन सोव्हिन नामक हॉपचीं शंभर ग्रॅम बोंडें हातीं आलीं. न्यूझीलंडमध्यें निपजलेली ही जात २००० सालीं बाजारांत आली. सोव्हिन्यों ब्लां द्राक्षाशीं गंधाचें साम्य म्हणून हें नांव. पण नांवावरून स्वभाव ओळखावा काय? मित्र म्हणाला, काळ्या स्टाऊटमध्यें घाल, फसलें तरी कळावयाचें नाहीं! हा सल्ला मला मानवेना. पाहुण्याला बोलूं द्यावयाचें तर घरच्यांनीं गप्प बसावें. म्हणून मोड आणून वाळविलेला फिकट सातू तेवढा घेतला, यीस्टहि सौम्य वासाचें. हॉपचा कडवटपणा दीर्घ उकळीनें उतरतो, सुगंध मात्र त्याच उकळींत उडून जातो. या जातींत कडू अम्ल शेंकडा बाराच्या घरांत. तेव्हां वीस लिटरांच्या तासाभराच्या उकळीला दहा ग्रॅम पुरे, उरलेलीं सारीं बोंडें आंच बंद करितांना. मित्राच्या मतें ही कृति भित्री. असेल, परंतु नवीं बोंडें यावयाचीं तीं तिकडच्या मार्चमधील तोडणीनंतर. पिंप काल भरलें; पंधरा दिवस तरी झांकण उघडावयाचें नाहीं.