विचार आणि त्याचे दार

३१ जानेवारी १९६९ रोजी फ्रँकफुर्टच्या समाजसंशोधन संस्थेत विद्यार्थ्यांचा एक जथा शिरला, आणि संस्थेचे संचालक आडोर्नो यांनी पोलिसांना पाचारण केले. ७६ विद्यार्थी पकडले गेले. त्यांत आडोर्नोंचा बुद्धिमान शिष्य हान्स-युर्गेन क्राल हाही होता. सत्तेची रूपे उघडी करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यानेच सत्तेला साद घालावी, यात केवळ उपरोध पाहणे सोपे आहे. पण प्रश्न त्याहून खोल जातो.

होर्कहायमर यांनी १९३७ साली चिकित्सक सिद्धान्ताची मांडणी केली, ती जगाचे वर्णन करून थांबण्यासाठी नव्हे. माणसाची दास्यातून सुटका हेच तिचे प्रयोजन होते. मात्र ज्या कामगारवर्गाने आमूलाग्र परिवर्तन घडवावयाचे, तोच उपभोगाच्या व्यवस्थेत सामावला जात असल्याचे मार्क्यूझ यांनी १९६४ साली आपल्या एकमितीय मानवावरील ग्रंथात दाखविले. आडोर्नोंचे निदान याहून फारसे वेगळे नव्हते. तरीही पोलिसांच्या प्रश्नावर हे दोन जुने स्नेही दुरावले.

आडोर्नोंना भय होते ते विचाराला तुच्छ लेखणाऱ्या कृतीचे. हिटलरच्या राजवटीमुळे देशांतर भोगलेल्या माणसाला जमावाच्या आवेशात जुनी पावले ऐकू यावीत, हे समजण्यासारखे आहे. मार्क्यूझ यांनीही तोच वनवास भोगला होता. त्यांनी कॅलिफोर्नियाहून कळविले, की पोलीस आणि डावे विद्यार्थी यांतून निवड करावयाची झाल्यास आपण विद्यार्थ्यांच्या बाजूचे. जिवावर बेतले तरच अपवाद. परिस्थिती क्रांतीची नाही, हे मात्र त्यांनाही मान्य होते.

या पत्रव्यवहाराचे मोल नेमके येथे आहे. क्रांती दूर आहे एवढ्याने बाजू घेण्याच्या जबाबदारीतून विचारवंताची सुटका होत नाही, हे मार्क्यूझ यांनी ओळखले. आणि कृतीचा जयघोष करण्यापुरता उरलेला सिद्धान्त उद्याच्या सत्तेचीही चिकित्सा करू शकणार नाही, ही आडोर्नोंची धास्तीही खोटी नव्हती. पहिले सत्य विसरले की सिद्धान्त विद्यापीठाची मालमत्ता होतो. दुसरे विसरले की तो घोषणा होतो.

आडोर्नो ६ ऑगस्ट १९६९ रोजी निवर्तले. क्राल फेब्रुवारी १९७० मध्ये अपघातात गेला. गुरुशिष्यांचा वाद मिटण्यास अवकाशच उरला नाही. परिवर्तनावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला मात्र, आपल्या दाराशी परिवर्तन मागणारे उभे राहिले तर आपण काय करू, याचे उत्तर अजूनही द्यावे लागते.